न वाजणारी जांभळं

१

जांभूळ नीट गोठलेलं असलं की वाजतं. पिशवी कानाशी धरून हलवली की आत गोट्या भरल्यासारखा खडखडाट होतो. तेच मध्ये कुठे वितळलं आणि पुन्हा गोठलं, तर सगळ्याचा मिळून एक दगड होतो. पिशवी मुकी होते. मुका माल विकायचा नाही. दिसायला तो तसाच दिसतो, पण वितळलेल्या वेळात त्यात काय वाढलं ते डोळ्यांना दिसत नसतं, आणि पुन्हा गोठवल्याने ते मरतही नाही.

हे मला निकिताताईंनी शिकवलं. फळांच्या प्रक्रियेचं शिक्षण घेऊन त्यांनी बिबवेवाडीत, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, गाळा घेऊन कोल्डरूम टाकली. मी त्याआधी यार्डात हमाली करायचो. गुडघ्यांनी ओझं नको म्हटलं तेव्हा त्यांनी मला ठेवून घेतलं. म्हणाल्या, "महिपतीकाका, तुम्हाला उचलायचं काही नाही. फक्त ऐकायचं."

बाहेर एक छोटी खोली, तिथे खुंट्यांवर जाड जर्किनं आणि खाली गमबूट. मग जाड दरवाजा. दरवाज्याच्या आत प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, आणि त्यापलीकडे उणे अठराची खोली. आत पंख्यांचा घुमारा सतत चालू असतो. मी रोज सकाळी आत जायचो, प्रत्येक थप्पीतली एक पिशवी काढायची, हलवायची, परत ठेवायची. जांभूळ, आंब्याच्या फोडी, अंजीर. सीताफळाचा गर वाजत नाही, तो दाबून बघायचा. माझी बायको वेणूबाई गेल्यापासून घरात कसलाच आवाज नव्हता. त्यामुळे मला हा खडखडाट आवडायचा. 

त्या मंगळवारी मी शेवटच्या कोपऱ्यातली जांभळाची पिशवी हलवली. ती वाजली नाही. तिच्या शेजारचीही नाही. खालच्या सगळ्या मात्र वाजत होत्या.

२

निकिताताईंनी पिशवी टेबलावर आपटून पाहिली. गठ्ठा फुटला नाही. मग मोबाईलवर खोलीचं तापमान पाहिलं. आठवडाभर सरळ रेघ.

"खोलीत नाही झालेलं," त्या म्हणाल्या. "गाडीत झालंय."

गाडी हमीदची. यार्डात सगळ्यांना ठाऊक आहे की काही ड्रायव्हर वाटेत गारव्याचं मशीन बंद ठेवतात, तेवढं डिझेल वाचवतात आणि पोचायच्या आधी पुन्हा चालू करतात.

"हमीद तसं करायचा नाही, ताई. उतरवताना पिशव्या वाजत होत्या."

"सगळ्या हलवल्या होत्या?"

"सगळ्या कशा हलवीन? थप्पीतली एकेक."

"मग?"

मी पिशवी उचलून पुन्हा कानाशी हलवली.

"काका, हा माल खडकवासल्याच्या अलीकडे त्या आईस्क्रीमच्या कारखान्यात जातो. आईस्क्रीम कोण खातं? लेकरं. एक लेकरू आजारी पडलं तर मी गाळ्याला कुलूप लावीन, आणि लावायलाच पाहिजे. परत असं झालं तर हमीदभाईंना थांबवणार. सांगून ठेवते."

हमीद गंज पेठेतला. त्याच्या आजोबांचा टांगा स्वारगेटला उभा असायचा. त्याची मुलगी जैनब नर्सिंगला आहे, आणि तिचं शिक्षण ह्या गाडीवर चाललेलं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा थेंब घालायला घरी कोणी नाही म्हणून हाच रोज यायचा. माझी हनुवटी धरून म्हणायचा, "हलू नका काका, नाहीतर थेंब नाकात जाईल आणि नाकाला दिसायला लागेल."

अशा माणसावर संशय घ्यायचा नसतो. मी घेतला. डोकं ऐकेना. माल गाडीतून आला, कोपऱ्यात गेला, मुका झाला. दुसरं होणार काय?

३

पुढच्या फेरीला मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

"आज इकडे कुठे?" हमीद म्हणाला.

"सहज. हवा खायला."

"सिंहगड रस्त्यावर? तिथे धूर मिळतो. हवा पाहिजे तर सारसबागेत बसा, शेंगदाणे पण मिळतील."

मी हसलो. त्याच्या समोर मागच्या डब्याच्या तापमानाचा छोटा काटा होता. मी रस्त्याकडे बघतोय असं दाखवून त्या काट्याकडे बघत होतो. दांडेकर पुलाच्या सिग्नलला हमीद गाडी थांबवून माझ्याकडे वळला.

"ताईंनी पाठवलं?"

"नाही रे. मीच आलो."

तो पुन्हा समोर बघायला लागला. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न मारला, तेव्हा गिअर टाकत म्हणाला, "त्यांनी पाठवलं असतं तर बरं वाटलं असतं, काका."

काटा जागचा हलला नाही. कारखान्यात मी पिशव्या हलवल्या. सगळ्या वाजल्या. परतताना आम्ही चहा घेतला, पण त्याने माझ्या बशीत बिस्किट ठेवलं नाही. एरवी न विचारता ठेवायचा.

४

मग आंब्याच्या फोडी मुक्या झाल्या.

त्या रत्नागिरीहून आल्या होत्या, दुसऱ्याच गाडीने. हमीदचा त्यांना हातही लागला नव्हता. मला आधी हायसं वाटलं. मग लक्षात आलं की कोपरा तोच आहे.

ह्या वेळी मी पिशव्या उचलायच्या आधी नीट पाहिलं. थप्पीच्या वरच्या पिशव्यांना खळगा पडला होता. रुंद, मधोमध खोल, पुढच्या बाजूला दोन पसरट घळी. मागे भिंतीला टेकवलेल्या पिशव्याही दबलेल्या होत्या. वेणूबाई आजारी होती तेव्हा तिला उठवून मोरीकडे नेलं की तिच्या गादीत असा आकार राहायचा. मी तो हाताने सारखा करायचो. हा सारखा होण्यातला नव्हता. दगडासारखा गोठला होता.

कोणीतरी टेकून बसलं होतं. दाराकडे तोंड करून.

मी बाहेर येऊन विचार केला. उणे अठरामध्ये फळ वितळेपर्यंत माणूस बसला तर फळाआधी माणूस गोठेल. शिवाय अंगात जाड जर्किन, त्यातून ऊब बाहेर येणार कशी? तरी मनाची खात्री पाहिजे म्हणून मी दुसऱ्या थप्पीवर स्वतः बसलो. दात वाजायला लागेपर्यंत बसलो. उठलो तेव्हा मांड्या बधिर झाल्या होत्या, आणि खालच्या फोडी खडखडीत.

ताईंनी मशीनवाल्या बजरंगला बोलावलं. त्याने छत ठोकलं, पाइप चाचपले, कोपऱ्यात स्वतःचा थर्मामीटर धरला. "मशीनची तब्येत माझ्या सासऱ्यापेक्षा चांगली आहे," म्हणाला. "गळती नाही, काही नाही. आत कोणी शेकोटी करतं का?"

ताई हसल्या नाहीत. बजरंग गेल्यावर, मी दाखवलेल्या खळग्याच्या पिशव्या चाचपत म्हणाल्या, "कोणीतरी आत येऊन बसतंय."

"कशाला बसेल कोणी?"

"ते मला काय माहीत? चावी माझ्याकडे, तुमच्याकडे आणि हमीदभाईंकडे. मी बसत नाही. तुम्ही बसता?"

हमीद दारात उभा होता. त्याने किल्ल्यांच्या जुडग्यातून ती चावी काढली. कडी घट्ट होती, नखाने उघडायला वेळ लागला. चावी टेबलावर ठेवून म्हणाला, "घ्या ताई. तेवढाच खिसा हलका."

माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मी खिशातली माझी चावी मुठीत धरली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई बँकेत गेल्या होत्या. हमीदच्या गाडीत माल भरून झाला होता, गाडी बाहेर उभी होती. मी बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसून गमबूट काढत होतो. आतला जाड दरवाजा मी लोटला होता, पण अजून खिट्टी घातली नव्हती. माझी पाठ त्याच्याकडे.

पंखे थांबले. त्यात नवल नाही. जाळीवरचा बर्फ वितळवायला मशीन अधूनमधून आपणहून थांबतं. तेव्हा खोली एकदम शांत होते आणि पाणी नळीतून जाताना ऐकू येतं.

पाण्याचा आवाज आला. मग पडद्याच्या पट्ट्या एकमेकींवर आपटल्या. गोठलेल्या पट्ट्या लाकडासारख्या वाजतात. वाटलं, हमीद काही विसरला असेल, आत जाऊन आला असेल. डाव्या पायाचा बूट निघत नव्हता, मी त्याच्याशी झटत होतो.

मागून आवाज आला, "येऊ का?"

हळू आवाज. दमलेला. अदबीने विचारणारा.

आपल्याकडे कोणी जायला निघालं की असंच विचारतं. हमीदची निघायची वेळ झाली होती. मी बुटातून मान वर न काढता त्याच अदबीने म्हणालो, "या, या. सावकाश या."

पाठीवरून एक झुळूक गेली. कोल्डरूमचं दार उघडलं की गार हवा पायांवरून वाहते. ही हवा खांद्याच्या उंचीवरून गेली, आणि ती उबदार होती. झोपलेल्या माणसाच्या अंगावरची गोधडी ओढली की येते तशी.

बूट निघाला. मी मान वर केली तर हमीद बाहेरच्या दारातून आत डोकावत होता.

"काका, गेट उघडता ना? कधीचा गाडीत बसलोय."

"तू आत्ता आत नव्हतास?"

"चावी घेतली ना माझी," तो म्हणाला. "आता आत काय काम माझं?"

तो गाडीकडे गेला. मी एका पायात बूट, एका पायात मोजा असा उभा राहिलो. तेव्हा मला कळलं की मी काय केलं. आपण निघतानाही 'येऊ का' विचारतो, आणि दाराशी उभे राहून आत यायचं असेल तेव्हाही तेच विचारतो. मला वाटलं, कोणी निरोप घेतंय. ते परवानगी मागत होतं. आणि मी तीनदा 'या' म्हटलं होतं.

बाहेर हमीदची गाडी सुरू झाली. गेट उघडायला मीच गेलो.

६

संध्याकाळी कारखान्याने माल परत पाठवला. सगळा नाही. डब्याच्या दाराजवळची एक थप्पी, वरच्या पिशव्या मुक्या. मी त्या ओळीने मांडल्या तर खळगा जुळून आला.

इकडे कोल्डरूमच्या कोपऱ्यातल्या सगळ्या पिशव्या वाजत होत्या.

"बघा," ताई म्हणाल्या. "चावी घेतली आणि खोलीतलं थांबलं. आता फक्त गाडी राहिली आणि हमीदभाई राहिले."

"गाडीचा काटा बरोबर होता, ताई."

"काट्याला फसवणारे पुष्कळ असतात, काका. मला आनंद होतोय का? कारखान्यातून फोन आलाय, पुन्हा असं झालं तर माल बंद. उद्याची फेरी बुक झालीय म्हणून ती जाऊ दे. मग मी त्यांना सांगते."

त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. त्यांना मी सांगणार काय? की मी 'या' म्हटलं, कोणाला ते माहीत नाही?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हमीदच्या शेजारी बसलो. ह्या वेळी त्याने कारण विचारलं नाही. राजाराम पुलाच्या पुढे मी म्हणालो, "चहा आण रे. माझ्याच्याने उतरवत नाही." तो टपरीकडे गेला. लख्ख ऊन होतं, शाळेच्या रिक्षा चालल्या होत्या. मी उतरलो, मागे गेलो आणि डब्याचं दार उघडून वर चढलो.

उजेड पहिल्या थप्पीपर्यंतच पोचत होता. पुढे वाफ आणि अंधार. दाराजवळच्या पिशव्यांवर खळगा होता. मी हातमोजा काढून तळवा आत ठेवला.

गरम होतं. कोणी नुकतंच उठून गेल्यावर बसची सीट लागते तसं, असं मला आधी वाटलं. पण उठून गेलेलं नव्हतं. माझ्या हाताखाली जांभळं मऊ पडत होती, आणि त्यांना दाबणारं वजन माझं नव्हतं. मी हात उचलला. खळगा तसाच खोल होत राहिला.

पळून जावं असं वाटलं.

मग आतल्या बाजूची पिशवी खडखडली. तिच्यात हळूहळू खड्डा पडत गेला आणि माझ्यासमोरची जागा मोकळी झाली. गर्दीत म्हातारा माणूस उभा दिसला की कोणी सरकून घेतं. तसं ते सरकलं होतं. मला बसायला.

मला रडू आलं. भीतीचं होतं, का कसलं, ते अजून सांगता येत नाही.

मी म्हणालो, "ह्याची गाडी सोडा. ह्याच्या घरी लेक आहे, तिचं शिक्षण चाललंय. तुम्ही जिथे बसता तिथलं खराब होतं, आणि नाव ह्याचं जातं. मी एकटाच असतो. माझ्याकडे चला."

काही झालं नाही. रस्त्यावर कोणाचा तरी हॉर्न वाजला. मग गालाला ऊब लागली आणि गेली. आणि गाडीची मागची बाजू किंचित वर उचलली गेली, कोणी जड माणूस उतरल्यासारखी.

"काका!" हमीद दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन धावत आला. "दार काय उघडं टाकलंय? माल वितळेल!"

मऊ पडलेल्या पिशव्या मी आधीच पोटाशी धरल्या होत्या. त्या घेऊन मी पुढे जाऊन बसलो. कारखान्यात बाकीची एकेक पिशवी हलवून घेतली त्यांनी. सगळ्या वाजल्या.

७

ताईंच्या टेबलावर मी त्या पिशव्या ठेवल्या.

"ताई, हे मी करत होतो."

"काय?"

"कोपऱ्यात मी बसायचो. गुडघे दुखतात. आत पंख्याखाली कोणी बघत नाही, म्हणून जरा टेकायचो. शेकायची पिशवी घेऊन."

"शेकायची पिशवी?" त्या उभ्या राहिल्या. "गरम पाण्याची? कोल्डरूममध्ये?"

"हो. काल गाडीत माल लावताना पण. आणि आजही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. इतका मूर्खपणा खरा असू शकतो का, हे त्या तपासत होत्या. खोटं बोलायची मला सवय नाही, त्यामुळे माझा आवाज कापत होता. तो कापणारा आवाजच त्यांना पटला असावा.

"काका, मी हमीदभाईंना काय काय बोलले."

"मनात बोललात. तोंडावर अजून नाही."

"चावी तर घेतली ना." त्यांनी खुर्चीत बसून डोळे पुसले. "मी तुम्हाला ठेवू शकत नाही. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

मी जर्किन खुंटीला लावलं. बाहेर पडलो तेव्हा हमीदला चावी परत मिळत होती. तो माझ्याकडे बघत होता, पण आनंदाने नाही. डोळे बारीक करून, मी काही चोरलंय आणि ते कुठे लपवलंय हे शोधावं तसा.

८

त्यानंतर कोल्डरूममध्ये किंवा गाडीत एकही पिशवी मुकी झाली नाही. ताईंनी फोन करून सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून केला असेल, किंवा माझं बोलणं खरं ठरलं हे सांगायला.

माझी एक खोली आहे, अप्पर बिबवेवाडीत. भिंतीपलीकडे स्पृहा नावाची मुलगी भाड्याने राहते, कंपनीत जाते. थंडी पडली तेव्हा तिने दार वाजवलं. "आजोबा, तुमचा हीटर भिंतीला लागून आहे का? आमची भिंत गरम लागते. म्हणजे मस्तच वाटतं, पण शॉर्टसर्किट वगैरे नको."

"हीटर नाही, बाळा."

"मग गीझर?"

मी 'बघतो' म्हटलं. तिच्या आईने पाठवलेल्या लाडवांची रिकामी वाटी मी परत केली, ती तिने माझ्या हातातून घेतली. बोटं लागली तसा तिने हात मागे घेतला. "केवढे गार हात तुमचे!"

रविवारी हमीद आला. खूप दिवसांनी. हातात नाजिमाने, त्याच्या बायकोने, दिलेला डबा होता. तो उंबऱ्यातच थांबला.

"काका, तुमच्याकडे शेकायची पिशवी कधीच नव्हती. डोळ्याच्या वेळेला मी शोधली होती. सगळं घर पालथं घातलं होतं मी."

मी त्याच्या हातातल्या डब्याकडे बघितलं.

"माझ्यासाठी खोटं बोललात. का बोललात? मग माल कोणी खराब केला?"

"जैनब कशी आहे?"

"परीक्षा झाली तिची." त्याने डबा ह्या हातातून त्या हातात घेतला. "तुमचे पाय धरायला सांगितलंय तिने."

"पाय कशाला. ये, बस ना."

मी खुर्चीत होतो. समोर खाट होती, सकाळीच नवी चादर घातलेली आणि तरी खोल दबलेली. हमीद आत आला, चपला काढल्या, खाटेकडे दोन पावलं टाकली आणि थांबला. डबा छातीशी धरून तो खाटेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेला. मग मान जराशी झुकवून त्याने सलाम केला, वडीलधाऱ्यांना करतात तसा. माझ्या दिशेने नाही.

आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "कुठे बसू, काका?"